दत्तकपणाची वाट

साडेतीन वर्षं माझा दिवस एका आकड्यानं सुरू व्हायचा. कोपरीतून चालत निघायचं, ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर यायचं आणि ट्रान्स-हार्बरची लोकल लागेपर्यंत मोबाइल काढून, पासवर्ड टाकून बघायचं, की दत्तक पोर्टलवर आपला प्रतीक्षा यादीतला नंबर आज किती झाला. कालच्यापेक्षा दोनानं कमी असला की ऐरोलीपर्यंतचा प्रवास बरा जायचा. होता तिथेच असला की दुपारी डबा उघडताना भूक मेलेली असायची. एकदा तो सलग तीन आठवडे जागचा हलला नाही, तेव्हा मी लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. लिफ्टचं बटण पुन्हापुन्हा दाबणाऱ्या माणसाला आपण हसतो, तसं.

आम्ही दोघं मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. २०१९ मध्ये लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाले होते. त्याबद्दल इथे लिहीत नाही. ज्यांनी झिजवलेत त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळत नाही. एका रविवारी उपासनेहून परत येताना रिक्षात नवरा म्हणाला, "आपण दत्तक घेऊ या का?" मी "हो" म्हटलं आणि घर येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. जून महिन्यात 'कारा'कडे, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन नोंदणी केली.

कागदपत्रं बरीच लागतात. पॅन, जन्मदाखले, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, ओळखीच्या दोन माणसांची पत्रं. लग्नाचा दाखला आमच्याकडे नगरच्या चर्चमधला, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचा. तेव्हाच्या नियमानुसार चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ९० च्या आत हवी होती. आमची ७९ भरली. लग्नात गुण जुळवून न पाहिलेल्या आमच्यासारख्यांना ही बेरीज तपासताना जरा गंमत वाटली. त्या दोन पत्रांपैकी एक आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलं, दुसरं शेजारच्या काकूंनी. काकूंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'मी गावाला गेले की ही माझ्या तुळशीला न चुकता पाणी घालते. मुलाला चांगली सांभाळील.' मला आलेलं यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

मग गृहभेट. समाजसेविका शनिवारी अकराला येणार म्हणून मी पहाटे पाचपासून घासतच होते. ओट्यामागच्या फरशा, पंख्याची पाती, गॅसची बर्नर. त्या आल्या, पाणी प्यायल्या, आणि फरशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीच्या ग्रिलमध्ये हात घालून अंतर बघितलं तेवढंच. बाकी दोन तास प्रश्न. राग आला की काय करता? भांडण कसं मिटतं? मुलाला दत्तक असल्याचं केव्हा सांगणार? आणि जाता जाता, वही मिटता मिटता: "समजा, मूल आलंच नाही. मग?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "देव देईल. आमचा विश्वास आहे."

त्यांनी वही पुन्हा उघडली, काहीतरी लिहिलं, आणि हसून निघून गेल्या. काय लिहिलं असेल ते मला आजवर कळलेलं नाही. माझं उत्तर मात्र मला तेव्हा फारच आवडलं होतं. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी ते साक्ष म्हणून सांगितलंसुद्धा.

घरचा विषय सोपा नव्हता. सासूबाई नगरला. फोनवर बातमी सांगितली तर पलीकडून बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग, "कुणाचं असंल, काय असंल... रक्ताचं ते रक्ताचं." नवरा चिडला नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा त्यानं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुझी आजी कुठली गं?"

त्या आजीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे, फक्त तिचा अर्थ कुणी लावत नसे. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेत माणसं रस्त्याकडेला मरत होती. पंडिता रमाबाईंनी तिथून शेकडो मुली केडगावला, मुक्ती सदनात आणल्या. त्यात एक चार-पाच वर्षांची पोर होती. आईबाप कोण, गाव कुठलं, घरात तिला काय हाक मारत, काहीच माहीत नाही. जन्मतारीख अंदाजानं ठरवलेली. ती केडगावात वाढली, शिकली, नगरला लग्न होऊन आली, आणि तिच्यापासून आज पन्नासेक माणसांचं खटलं उभं आहे. त्या सगळ्यांचं 'रक्ताचं ते रक्ताचं' जिथून सुरू होतं, तिथे एक अनाथ मुलगी आहे.

सासूबाईंनी भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि म्हणाल्या, "आजी रात्री दार वाजलं की उठून बसायची म्हणं. म्हातारपणापर्यंत." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या पिशवीत एक जुनी गोधडी कोंबली. लहान मापाची.

आमच्या समाजात दत्तक हा शब्द तसा नवाच म्हणायचा. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी; बौद्ध, जैन, शीख त्यात धरलेले, ख्रिस्ती नाहीत. आमच्या मामांनी चाळीस वर्षांपूर्वी एक मुलगा घरी आणला तो १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली. म्हणजे कागदावर मामा त्याचे वडील नव्हतेच, 'पालक', तो 'पाल्य', आणि हे नातंही तो सज्ञान होईपर्यंतच. मामांना त्याच्यासाठी मृत्युपत्र करून ठेवावं लागलं, नाहीतर घरात त्याचा काडीचा हक्क नव्हता. २००० चा बाल न्याय कायदा आणि २००६ ची दुरुस्ती आल्यावर कुठल्याही धर्माच्या माणसाला पूर्ण अर्थानं दत्तक घेता येऊ लागलं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१४ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. पाल्य आणि मूल यांत काय फरक असतो, ते मामांच्या त्या मुलाला विचारावं. तो पन्नाशीकडे आलाय आणि अजून 'मामांचं घर' म्हणतो, 'माझं' म्हणत नाही.

हे सगळं २०१९ मधलं. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तिथूनच खरा त्रास सुरू झाला.

धावपळीत माणूस टिकतो. रिकाम्या वाट बघण्यात आतून पोखरला जातो. २०२० च्या मार्चनंतर तर लोकलही बंद, ऑफिस घरात, आणि तो आकडा हातभर अंतरावर, चोवीस तास. मला पहाटे तीनला जाग यायला लागली. छातीत धडधड, हाताला घाम, आणि डोक्यात एकच: फायलीत काही राहिलं तर नाही ना? ई-मेल आयडी चुकलाय का? आपण मेलो तर? खिडकीशी जाऊन बसायचे. खाली गेटजवळ आमचे वॉचमनकाका प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी घालून. मधूनच उठायचे, काठी आपटत एक फेरी मारायचे, शिट्टी फुंकायचे आणि परत बसायचे.

त्यांच्याकडे बघून मला बायबलमधलं १३० वं स्तोत्र आठवायचं. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात आहे, आणि पहारेकऱ्यांची ती ओळ लगेच पुन्हा एकदा येते. लहानपणापासून म्हणत आलेलं. पण त्या खिडकीत मला त्या स्तोत्राचा राग यायचा. पहारेकऱ्याचं काय बिघडतंय? त्याला पहाट येणार हे नक्की ठाऊक असतं. कोपरीत सूर्य उगवला नाही असा दिवस झालेला नाही. माझी पहाट येणार, असं कुणी लिहून दिलं होतं?

लोकांनी मात्र लिहून पाठवायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपवर यिर्मया २९:११. फुलांच्या चित्रावर, समुद्राच्या चित्रावर, गुलाबी ढगांवर. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, तुम्हांला भविष्य आणि आशा देण्याचे. एका आठवड्यात ते मला सात जणांकडून आलं. वैतागून मी एका रात्री तो अख्खा अध्याय उघडला, आणि बघते तर लगेच आधीच्या वचनात, दहाव्यात, सत्तर वर्षं! बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं ते पत्र आहे, आणि त्यात सरळ सांगितलंय, की सत्तर वर्षं भरल्यावर परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना ते भविष्य बघायला मिळणार नव्हतं. आणि त्याही आधी, पाचव्या वचनात: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा.

अकरावं वचन पाठवणाऱ्यानं दहावंही पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र गुलाबी ढगांचं असलं तरी चालेल.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं आणि पुढच्या रविवारी कुठूनतरी निळा प्लास्टिकचा अर्धा पिंप आणून बाल्कनीत लिंबाचं रोप लावलं. "तीन वर्षांत लागतं म्हणे," म्हणाला. मला तेव्हा तो वेडेपणा वाटला. (लिंबू अजून लागलेलं नाही. आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही, दुसरं काही कारण नाही.)

२०२१ च्या पावसाळ्यात मी कोसळलेच. एका मैत्रिणीच्या बारशाला गेले होते. पाळण्याची दोरी हातात आली आणि श्वास घेता येईना. लोकांना वाटलं, हार्ट अटॅक. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नीट होता. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "झोप किती दिवसांपासून नाही?" चिंतेचा आजार, म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झालं. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याच ओळखीच्या एका बाईंनी प्रार्थनेनंतर माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "गोळी घेतेस म्हणजे विश्वास कमी पडतोय, बाळा." मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सुचलं: त्या स्वतः रोज सकाळी बीपीची गोळी घेतात.

पण खोटं कशाला बोलू, बाईंचं वाक्य मला लागलं, कारण तो संशय माझाच होता. 'देव देईल' म्हणणारी मी. चिंता करू नका, असं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. मी तर चिंतेवर उपचार घेत होते. प्रार्थना जमेना. डोळे मिटले की आकडा दिसायचा. उपासनेत गाण्याच्या वेळी मी नुसते ओठ हलवायचे.

पाळकसाहेब एका संध्याकाळी घरी आले. मला वाटलं, आता समजूत घालणार. त्यांनी चहा घेतला, लिंबाच्या रोपाची चौकशी केली, आणि पवित्र शास्त्र उघडून ८८ वं स्तोत्र वाचायला लागले. मोठ्यानं, सावकाश. माझा जीव क्लेशांनी भरलाय, तू मला सगळ्यात खोल खड्ड्यात टाकलंस, माझे सोबती तू माझ्यापासून दूर केलेस. मी वाट बघत होते, की आता वळण येईल. स्तोत्रं अशीच असतात ना? आधी रडगाणं, मग 'तरीही मी तुझी स्तुती करीन'. इथे ते आलंच नाही. शेवट अंधारावर. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"पुढं?"

"पुढं काही नाही. संपलं."

"असं कसं संपलं?"

"असंच आहे ते," ते म्हणाले. "आणि काढून टाकलं नाही कुणी. इतकी शतकं राहू दिलंय." मग चपला घालून गेले.

त्या रात्री मी नीट झोपले असं नाही. पण तीनला उठले तेव्हा पहिल्यांदा देवाशी भांडले. आकड्याबद्दल, बारशाबद्दल, 'देव देईल'बद्दल. प्रार्थना म्हणायची तर तीच, कित्येक महिन्यांतली पहिली. मार्थाही अशीच येशूला सामोरी गेली होती. तिचा भाऊ लाजर आजारी आहे असा निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. आदरानं बोलते, पण ते गाऱ्हाणंच आहे. येशू तिला गप्प करत नाही. पुढे तो स्वतःच रडतो. हे मी शंभरदा ऐकलं असेल, पण ते दोन दिवस माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. आता मला तेवढेच दिसत होते.

आणि १३० व्या स्तोत्राचंही कोडं मला असंच एका पहाटे खिडकीत उकललं. निदान माझ्यापुरतं. वॉचमनकाका गेटची साखळी काढत होते, पहिलं दूध आलं होतं. मी ते स्तोत्र उघडून मुद्दाम शोधलं, की हा माणूस नेमकी कशाची वाट बघतोय. संकट टळण्याची? मुलाबाळांची? तसं काही लिहिलेलंच नाही. खोल गर्तेतून हाक मारतोय, क्षमेबद्दल बोलतोय, पण वाट बघतोय ती परमेश्वराची. कशाची हे नाही, कोणाची हे आहे. मराठीत एका शब्दाचा फरक, आणि मी दोन वर्षं चुकीच्या बाजूला उभी होते. यामुळे माझा जीव लगेच भांड्यात पडला वगैरे नाही. पण आकडा मी दिवसातून एकदाच बघायला लागले. मग आठवड्यातून एकदा. समुपदेशक म्हणाल्या, गोळ्यांचा परिणाम दिसतोय. दिसत असेलही. दोन्हींची आपसात वाटणी करायला मी जात नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी, प्रवचन रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर होतं. मी मागच्या बाकावर, पंख्याखाली. वाचन करणारा तरुण मुलगा अडखळत वाचत होता आणि तेविसाव्या वचनात त्यानं 'दत्तकपणाची' हा शब्द दोनदा उच्चारला, कारण पहिल्यांदा तो चुकला. माझी मान वर झाली. आपण दत्तकपणाची वाट पाहत असता आपल्या ठायी कण्हत आहो, असं ते वचन आहे.

मी आयुष्यभर हा अध्याय ऐकत आले आणि हा शब्द माझ्या कानावरून गेलाच कसा? ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं हा शब्द आपल्या पत्रांमध्ये पाच ठिकाणी वापरलाय, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. तो लिहीत होता रोमच्या लोकांना, आणि रोमच्या कायद्यात दत्तक गेलेला मुलगा पूर्ण वारस व्हायचा. पाल्य नव्हे, वारस. पौल त्याच अध्यायात थोडं आधी तेच म्हणतो, मुलं आहोत म्हणजे वारसही आहोत. मला मामांच्या घरातला तो मुलगा आठवला आणि घशात आवंढा आला.

पण खरी गोष्ट मला घरी येऊन, कुकर लावताना लक्षात आली. मला वाटत होतं, हे वचन माझं आहे. दत्तकाची वाट बघणारी मी. छे. त्या वचनात वाट बघतंय ते मूल आहे. कण्हतंय ते मूल. आईबाप नव्हेत.

मी गॅस बारीक करून स्टुलावर बसले. साडेतीन वर्षांतली अडीच तोवर गेली होती, आणि त्या अडीच वर्षांत मी एकदाही असा विचार केला नव्हता, की त्या आकड्याच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे. किंवा अजून जन्मलेलंही नाही, पण असेल. आणि माझी प्रार्थना मंजूर व्हायची म्हणजे आधी कुठेतरी एका आईचं काहीतरी मोडायचं. मी 'दे, दे' म्हणत होते, ते नेमकं काय मागत होते? तेव्हापासून माझी प्रार्थना बदलली. त्या अनोळखी बाईसाठी आधी, त्या लेकरासाठी मग, आणि आपल्यासाठी उरलं तर. बहुतेक रात्री उरायचं नाही. त्याआधी झोप लागायची.

गृहभेटीच्या अहवालाची मुदत तीन वर्षांची असते. आमची २०२२ मध्ये संपली आणि नवीन भेट झाली. या वेळी मी फरशा घासल्या नाहीत, कांदेपोहे केले. समाजसेविका वेगळ्या होत्या, पण शेवटचा प्रश्न फिरून तोच आला. मूल नाहीच आलं तर?

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रडू. खूप रडू. मग काय करायचं ते दोघं बसून ठरवू."

"आणि तुमचा देव?" त्यांनी विचारलं. खवचटपणे नाही, खरंच विचारलं.

"तो असेल ना तिथं," मी म्हटलं. "रडताना."

त्यांनीही काहीतरी लिहिलं. मला या वेळी ते वाचावंसं वाटलं नाही. परतताना त्यांना सोडायला खाली गेलो, आणि तसेच चालत पश्चिमेला जाऊन मामलेदार मिसळ खाल्ली. नवऱ्यानं तिखट मागवली आणि डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली.

जानेवारी २०२३. गुरुवार. लोकल ठाणे सोडून खाडीच्या पुलावर आलेली, मी दाराजवळ उभी. मेसेज आला. संदेश वाचून मला पहिल्यांदा कळलंच नाही. बँकेचा असेल असं वाटून मी पर्समध्ये फोन ठेवला, आणि मग दिघ्याच्या अलीकडे कुठेतरी पुन्हा काढला. पोर्टलवर एका मुलीची माहिती आली होती. तिचा वैद्यकीय अहवाल, तिच्याविषयीचा अहवाल, एक फोटो. होकार द्यायला ४८ तास. साडेतीन वर्षं, आणि आता ४८ तास!

ऐरोलीला उतरून फलाटावरच्या बाकावर बसले. फोटो उघडेना, नेटवर्क गोल गोल फिरत होतं. उघडला तेव्हा आधी पाय दिसले: एका पायात मोजा, दुसरा उघडा. मग फ्रॉक, मग हातात घट्ट धरलेली स्टीलची वाटी. दोन वर्षं एक महिना. चेहरा रडवेला नव्हता, हसरा तर नव्हताच. ती कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला, कुणाकडे तरी बघत होती.

नवऱ्याला फोन केला. त्याला काही सांगताच येईना मला. तोच म्हणाला, "तू आहेस तिथंच थांब. मी येतो." ठाण्याहून ऐरोलीपर्यंत रिक्षानं आला. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना वैद्यकीय अहवाल दाखवला, त्यांनी रक्ताच्या दोन चाचण्या पुढे करून घ्या म्हणून सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी आम्ही होकाराचं बटण दाबलं. पुढचं सगळं, म्हणजे संस्थेत जाणं, दत्तक समितीपुढची भेट, सह्या, तीन आठवड्यांत झालं. अंतिम आदेश यायचा होता, पण तोपर्यंत संगोपनासाठी तिला घरी आणता आलं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते, तीही चालू झाली.

संस्थेतल्या मावशीनं तिला आमच्याकडे देताना तोंड फिरवून घेतलं. पोर तिच्या पदराला धरून. बोटं एकेक करून सोडवावी लागली. सगळीकडे या क्षणाचे फोटो काढतात. आम्हाला काढवला नाही.

घरी काकूंनी औक्षण केलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सासूबाई नगरहून शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. पोरीनं कुणाकडे पाहिलं नाही. नवऱ्याला ती 'काका' म्हणाली, कारण संस्थेत येणारे सगळे पुरुष काकाच. मला काहीच म्हणाली नाही. वरण-भात मुकाट्यानं खाल्ला, आपल्या त्याच वाटीतून.

त्या पहिल्या रात्री मला तीनला जाग आली. जुनी सवय. बघते तर अंथरुणात ती नाही. गोधडी बाजूला पडलेली. पोटात गोळा आला. बाहेरच्या खोलीत आले तर दारापाशी, अंधारात, ती उभी होती. आपल्या चपला शोधून काढल्या होत्या तिनं. एक पायात अडकवलेली, उलटी. रडत नव्हती. नुसती बंद दाराकडे बघत उभी.

माझ्या सासूबाई मागे येऊन थांबल्या होत्या. काही न बोलता आत गेल्या.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मला वाट बघता येते, असं मी समजत होते. हिच्यापुढे मी कोण? किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी तिनं हातातली दुसरी चप्पल माझ्यापुढे धरली. घाल, म्हणून.

घातली. उलटी होती तीही सरळ केली. तिला कडेवर घेतलं, गोधडीत गुंडाळलं, आणि तीन जिने उतरून खाली गेले. गेटपाशी आल्यावर तिनं मान उंच करून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. एक कुत्रं, एक उभी रिक्षा, लांब स्टेशनकडे दिवे. वॉचमनकाका खुर्चीतून उठले, कानटोपी वर सरकवली.

"काय ताई, इतक्या रात्री? कुणाची वाट बघताय?"

"हिच्या मावशीची," मी म्हटलं.

त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खुर्ची उचलून आमच्याजवळ आणून ठेवली आणि स्वतः काठी घेऊन फेरीला गेले.